भागतंय की

मित्रांनो, भोरच्या एसटी स्टँडमागे एका संस्थेचं ऑफिस आहे. तिथल्या पत्र्याच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, जुन्या बॅनरच्या गुंडाळीशेजारी मी पडून आहे. मी प्रोजेक्टर. भिंतीवर मोठं चित्र पाडणारं यंत्र. माझा दिवा गेलाय, पंखा खडखडतो, आणि एक पाय मोडका असल्यामुळे माझ्याखाली पुठ्ठ्याची घडी सारावी लागायची. माझी कहाणी ऐकायची तर ऐका, पण आधीच सांगून ठेवतो, ती गोड नाही. आणि मी स्वभावानं तापट आहे. आमची जातच तापणारी, त्याला इलाज नाही.

माझा जन्म कुठल्या मुलखात झाला ते मला ठाऊक नाही. डोळा उघडला तो हायवेवरच्या एका कंपनीच्या मीटिंग हॉलमध्ये, किकवीच्या अलीकडे. नवा होतो तेव्हाचा माझा थाट विचारू नका. पडदा खाली आला, दिवे मालवले आणि मी पेटलो, की मोठमोठे साहेब गप्प व्हायचे. मला वाटायचं, ही सगळी शांतता माझ्यासाठीच आहे.

सात वर्षं मी त्या हॉलमध्ये प्रेझेंटेशनं पाहिली. पाहिली कसली, सोसली. बोलणारा लोकांकडे पाठ करून उभा राहायचा आणि मी भिंतीवर पाडलेली अक्षरं मलाच वाचून दाखवायचा. एका चित्रात चाळीस ओळी, त्यात बाण, त्यात गोल. मागच्या रांगेतले जांभया द्यायचे आणि शेवटी टाळ्या वाजवून चहाला पळायचे. फक्त एकदा स्टोअरमधले एक बुजुर्ग उभे राहिले. त्यांनी एकच फोटो लावला, मोडक्या शिडीचा, आणि म्हणाले, "काल मी हिच्यावरनं पडलो." एवढं बोलून ते खाली बसले. दुसऱ्या दिवशी नवी शिडी आली. ते मी विसरलो नाही.

पुढं हॉलमध्ये भिंतभर टीव्ही आला आणि मी अडगळीत गेलो. वर्षभर धूळ खाल्ल्यावर कंपनीनं मला या संस्थेला भेट देऊन टाकलं. भेट देतानाचा फोटोही काढला. त्यात माझी काचसुद्धा पुसलेली नव्हती.

इथं मला दीपमाला भेटली. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, घाटरस्त्यापासून तासभर पायवाटेनं चढून गेलं की एक वस्ती लागते, ती तिथली. वस्तीतली पदवीपर्यंत शिकलेली पहिली मुलगी. संस्थेत ती आजारी माणसांना दवाखान्यात पोचवण्याचं काम बघायची. वस्तीवर कुणी अडलं तर घोंगडी बांबूला बांधून झोळी करायची, चौघांनी खांदा द्यायचा, रस्त्यापर्यंत उतरायचं आणि मग वाट बघायची. एसटी दिवसातून दोनदा, तीही आली तर. भोरहून गाडी बोलावली तर ती येईपर्यंत माणूस टिकेल याचा भरवसा नाही. दीपमालाला एकच गोष्ट हवी होती. हिर्डोशीला रस्त्यावर बारा महिने उभी राहणारी पेशंटची गाडी. त्यासाठी तिला त्याच हायवेवरच्या कंपनीपुढं पंधरा मिनिटं बोलायला मिळणार होतं. म्हणजे माझ्या माहेरी.

तयारी आम्ही सलीमभाईंच्या दुकानात केली. सलीमभाई भोरात मिक्सर, टीव्ही, पंखे दुरुस्त करतात. माझ्या पोटातली धूळ त्यांनी ब्रशनं काढली तेव्हा मला आठ वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास मिळाला. भर दुपारी शटर अर्धं ओढून घ्यायचे, भिंतीवर चादर लावायचे आणि स्टुलावर बसून दीपमालाचं ऐकायचे. पहिल्या दिवशी तिनं चौतीस चित्रं आणली होती.

"ताई," सलीमभाई म्हणाले, "तुम्ही भिंतीशी बोलताय. भिंत काय गाडी देणार आहे का? इकडं बघा, माझ्याकडं."

चौतिसाची नऊ झाली. ती चादर सोडून सलीमभाईंकडे बघून बोलायला लागली. नववं चित्र झोळीचं होतं. खऱ्या वेळी फोटो काढायचं कुणाला सुचणार? म्हणून मार्चमध्ये तिनं वस्तीवर मुद्दाम झोळी बांधून घेतली आणि रश्मीला तीत बसवलं. रश्मी म्हणजे वस्तीतल्या धम्मदीपची बायको, तिला चौथा महिना होता. पण रश्मीला हसूच आवरेना. तोंडावर पदर घेऊन ती खुदुखुदु हसत होती. साहेबांना हसरा पेशंट कसा दाखवणार? दीपमालानं चित्रातून तिचा चेहरा कापला. नुसती झोळी, चार खांदे आणि खाली लोंबणारा पदर ठेवला. पूर्ण फोटो मात्र तिच्या लॅपटॉपमध्ये तसाच राहिला.

रश्मीच्या सासूला, सरूबाईंना, तिनं बरोबर न्यायचं ठरवलं. सरूबाई तिच्या लांबच्या आत्या. वस्तीतलं कुणीतरी समोर दिसलं की साहेबांना पटेल, असा तिचा हिशोब. निघताना ती म्हणाली, "आत्या, तुमी कायबी बोलायचं न्हाई. नुसतं बसायचं."

"बसते की," सरूबाई म्हणाल्या. "बसाया काय लागतंय?"

मित्रांनो, चूक तिथंच झाली. दीपमालानं नऊ चित्रांची तयारी केली आणि दहावं चित्र म्हणून एक जिवंत बाई बरोबर घेतली. तेव्हा हे मलाही कळलं नाही. मी माहेरी निघाल्याच्या तोऱ्यात होतो.

एप्रिलची सकाळ होती. हॉलमधल्या भिंतभर टीव्हीला दीपमालाच्या जुन्या लॅपटॉपची वायर बसेना, तेव्हा मला पिशवीतून काढलं. मधल्या खुर्चीवरचे मोठे साहेब म्हणाले, "अरे, हा तर आपलाच." मी अंगात होता नव्हता तेवढा उजेड ओतला. आणि दीपमाला काय बोलली म्हणता! एकदाही भिंतीकडे वळली नाही. एकदाही कागद बघितला नाही. झोळीचं चित्र आलं तेव्हा ती बाजूला सरली आणि साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला त्या शिडीवाल्या बुजुर्गांची आठवण झाली. मी म्हटलं, जमलं.

दिवे लागले. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांचं लक्ष कोपऱ्यात पदर सावरून बसलेल्या सरूबाईंकडे गेलं. स्वतः उठून त्यांनी पाण्याचा ग्लास दिला आणि आपुलकीनं विचारलं, "आजी, आत्ता कसं करता मग? भागतंय का?"

सरूबाई उठून उभ्या राहिल्या. हात जोडले. आणि म्हणाल्या, "भागतंय की, सायेब. समदं बरं चाललंय."

आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. त्या डोंगरात परक्या माणसानं भागतंय का विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं. घरात तांदळाचा दाणा नसला तरी जेवलो म्हणायचं. अंगात ताप असला तरी बरी हाय म्हणायचं. ज्यानं स्वतःच्या हातानं पाणी दिलं त्याच्यापुढं रडगाणं गायचं नाही, ही तिथली रीत. सरूबाई खोटं बोलल्या नाहीत. त्यांनी साहेबांचा मान ठेवला.

दीपमालाला हे माहीत होतं. त्या खोलीत फक्त तिलाच माहीत होतं. तिनं तोंड उघडलं, मी पाहिलं. पण आत्याला चारचौघांत खोटं पाडायचं? तेही तिच्या रीतीत बसत नव्हतं. तिनं तोंड मिटलं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "प्रेझेंटेशन फार छान झालं. अगदी प्रोफेशनल."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. दीपमालानं ते सलीमभाईंना वाचून दाखवलं, तेव्हा मी तिथंच टेबलावर उघडा पडलो होतो. 'आपले सादरीकरण अत्यंत प्रभावी होते. तथापि, सद्यःस्थितीत उपलब्ध व्यवस्थेवर भागत असल्याचे ग्रामस्थांकडूनच समजल्याने सदर प्रस्ताव पुढील वर्षी विचारात घेण्यात येईल.'

"पुढच्या वर्षी तर पुढच्या वर्षी," सलीमभाई म्हणाले. "नाही तर म्हणले नाहीत ना?"

दीपमालानं पत्राची घडी घातली.

पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. जुलैच्या मध्यात, आठव्या महिन्यातच, सकाळी रश्मीच्या पोटात दुखायला लागलं. झोळी बांधली. या वेळी ती हसत नव्हती. वाट निसरडी, धम्मदीप पुढच्या खांद्याला होता, दोनदा त्याचा पाय गेला. खाली एसटीच्या शेडमध्ये ते अडीच तास थांबले. सकाळची एसटी आलीच नाही. भोरची गाडी निघाली होती, पण वाटेत दरड आली होती. शेवटी दुधाचा टेम्पो मिळाला. भोर येण्याआधीच रश्मी गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

हे सांगायला दीपमाला दुकानात आली तेव्हा शटर पूर्ण उघडं होतं आणि बाहेर माणसं ये-जा करत होती. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "त्या दिशी म्या एक वाक्य बोलायला पायजे होतं, भाई. आत्याचा अपमान झाला असता. झाला असता तर झाला असता."

सलीमभाई तिला उगी राहा म्हणाले नाहीत. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि ते तिच्याशेजारी बसून राहिले. आणि मी? मला माझ्या उजेडाची लाज वाटली. त्या हॉलमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं होतं, आणि मला तेच हवं होतं.

दिवाळीनंतर दीपमाला पुन्हा त्याच हॉलमध्ये गेली. मला नेलं, पण पिशवीतून काढलंच नाही. चेन अर्धी उघडी होती, तेवढ्यातून मला छताच्या पंख्याची पाती दिसत होती. ती म्हणाली, "साहेब, आज चित्रं नाहीत. आज आत्या बोलणार आहेत."

साहेबांनी सरूबाईंना ओळखलं. "या आजी, बसा. कशा आहात?"

"बरी हाय," सरूबाई म्हणाल्या.

तोंडातून निघूनच गेलं ते. सत्तर वर्षांची सवय. मग साहेबांची वही उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच.

"बरी न्हाई, सायेब," सरूबाई म्हणाल्या. "मागल्या बारीला तुमी इचारलं, भागतंय का. म्या म्हनले, भागतंय. भागत न्हवतं. तुमी पानी दिलं, मंग तुमच्या तोंडावर कसं सांगायचं, म्हनून म्हनले. त्या येका शबदापायी माजी सून गेली. नातवंड गेलं. आता माजा मान नगं आन् तुमचाबी नगं. न्हाई भागत."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. छान झालं असंही कुणी म्हणालं नाही. गाडी कधीपासून लागेल, असं साहेबांनी विचारलं, आणि तो मीटिंगमधला आवाज नव्हता.

गाडी जानेवारीत आली. हिर्डोशीच्या शेडशेजारी ती उभी असते. आतापर्यंत सहा जणांना तिनं वेळेत पोचवलंय. सरूबाई बाजाराला जाताना तिच्याशेजारून जातात, पण तिच्याकडे बघत नाहीत, असं दीपमाला सांगते.

त्या एकदाच दुकानात आल्या. म्हणाल्या, "दीपे, त्या मशीनमदी आमची रश्मी हाय न्हवं? मोठी करून दाव की."

दीपमालानं लॅपटॉप जोडला. या वेळी न कापलेला फोटो लावला. सलीमभाईंनी शटर ओढलं आणि पुठ्ठ्याची घडी माझ्या पायाखाली सारली. माझा दिवा तेव्हा पिवळा पडला होता, तरी होता नव्हता तेवढा जोर मी लावला. चादरीवर रश्मी आली. झोळीत बसलेली, तोंडावर पदर घेतलेली, हसणारी.

सरूबाई खाली जमिनीवर बसून बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं दीपमालानं हळूच विचारलं, "आत्या, जरा बरं वाटतंय का?"

"न्हाई," सरूबाई म्हणाल्या. "पर ऱ्हाऊ दे."

मी पेटता राहिलो. पंखा अडत होता, अंग भाजत होतं, तरी राहिलो. अर्ध्या तासानं माझा दिवा फुटला. या जातीचा दिवा आता बाजारात येत नाही, म्हणून मी या कपाटात.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, काच पुसा, पंख्यातली धूळ काढा, हे मी सांगायलाच हवं, कारण वेळेवर दिवा बदलला असता तर त्या माउलीला अजून थोडा वेळ बघता आलं असतं. आणि कधी तुम्ही चार लोकांपुढं बोलायला उभे राहिलात, तर ज्याच्यासाठी बोलताय त्याला कोपऱ्यात नुसतं बसवू नका. त्याला विचारा. तो भागतंय की म्हणाला, तर पाण्याचा ग्लास बाजूला ठेवा आणि पुन्हा एकदा विचारा.