मी गुलाम नाही, सेन्योर

मराठीतल्या झाडून सगळ्या संपादकांनी माझ्या गोष्टी परत पाठवल्या, तेव्हा मी स्पॅनिश शिकायला घेतलं. ह्यात तर्क काय, असं विचारू नका. रागाला तर्क नसतो, आणि राग सोडून माझ्याकडे त्या काळात दुसरं भांडवल नव्हतं. नववीत शाळा सुटलेली, कट्टा गावच्या बाजारात एसटीडी बूथ आणि झेरॉक्सचं मशीन, आणि डोक्यात हा समज की आपण चुकीच्या भाषेत जन्मलो. मडगावला एका रद्दीवाल्याकडे ‘संवादांतून स्पॅनिश’ शिकवणारं एक जुनं पुस्तक मिळालं. कव्हर फाटलेलं, म्हणजे लेखक कोण तेही माहीत नाही. मला ते बरंच वाटलं. ज्याचं नाव दिसत नाही अशा लेखकाचा मला हेवा वाटत नाही.

पुस्तकात पेद्रो नावाचा एक माणूस आणि त्याची बायको होती. पेद्रो विचारतो, छत्री कुठे आहे? बायको सांगते, छत्री दाराच्या मागे आहे. पेद्रो म्हणतो, आज किती छान ऊन पडलं आहे. मग छत्री कशाला हवी रे तुला, गाढवा? असले संवाद वाचून माझं रक्त आटायचं. तरी मी ते पाठ केले. गिऱ्हाईक नसलं की बूथमध्ये, असलं की मनात, आणि जेवताना बायकोसमोर मोठ्यानं. जानकी, म्हणजे माझी बायको, आमटी वाढता वाढता म्हणायची, “तुमचो तो पेद्रो एकदा छत्री घेवन जाऊ दे खंय तरी.”

हे सगळं माझ्यापुरतं राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण दोन हजार चारच्या पावसाळ्यात माझा मेव्हणा सुदेश घरी आला आणि माझ्या स्पॅनिशला गिऱ्हाईक मिळालं.

सुदेश एका दशावतारी नाटक कंपनीत स्त्रीपार्ट करायचा; कंपनीच्या मालकांना सगळे भाई म्हणत. राणी होऊन उभा राहिला की जत्रेतल्या बायका पदरानं डोळे पुसायच्या. शिवाय कंपनी गावोगाव फिरायची तेव्हा सगळ्यांचं जेवण तोच रांधायचा. त्याचं दीपिकावर मन होतं, दीपिकाचं त्याच्यावर. आड होता तिचा बाप, काशीराम. काशीरामनं उभा जन्म बोटीवर काढलेला, त्यामुळे जमिनीवर राहणाऱ्या माणसाला तो माणसात धरत नसे. त्यानं स्पष्ट सांगितलं होतं: बोटीवर लागलास तर पोरगी तुझी, लुगडं नेसून नाचणाऱ्याला मी जावई म्हणणार नाही. आणि नारळी पौर्णिमेपर्यंत काय ते झालं नाही, तर देवगडचं स्थळ तयार होतं.

सुदेश वास्कोच्या एका एजंटाकडे जाऊन आला. कुपे, म्हणजे ट्यूना मासे, पकडणारी एक मोठी स्पॅनिश बोट होती, तिला खानसामा हवा होता. आधीचा खानसामा आणि कॅप्टन ह्यांना एकमेकांचं काही कळेना म्हणून तो पळून गेला होता. म्हणून ह्या वेळी कॅप्टन मोम्बासाहून स्वतः फोन करणार, दहा मिनिटं बोलणार, आणि जमलं तरच घेणार. थोडीफार स्पॅनिश हवी. सुदेशनं एजंटाला माझ्या बूथचा नंबर दिला आणि तिथून थेट माझ्याकडे आला.

“भावजीनू,” तो म्हणाला, “माका बोलाक शिकवा.”

आता इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी पुढे जो गाढवपणा केला तो नुसताच गाढवपणा वाटेल. आदल्या वर्षी मी भाईंच्या कंपनीसाठी एक नाटक लिहिलं होतं. प्रत्येक वाक्य घासून पुसून, पल्लेदार. तुम्हाला माहीत असेल, दशावतारात संहिता नसते. खेळाआधी मालक रंगपटात बसून आख्यान सांगतो: कोण कोणाला शाप देतो, कोण कोणाला पळवून नेतो. बाकी सगळं ज्यानं त्यानं पुढे उभं राहून, समोरचा काय बोलतो ते ऐकून, तिथल्या तिथे बोलायचं. मला हा प्रकार म्हणजे लेखकाचा ठरवून केलेला अपमान वाटायचा. भाईंनी माझी वही दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. आठवड्यानं मी जत्रेत गेलो तर हार्मोनियमचा एक कोपरा खाली बसत होता आणि त्याखाली माझं नाटक होतं.

त्यामुळे सुदेश माझ्यासमोर येऊन बसला, तेव्हा मला खानसामा दिसलाच नाही. मला दिसला दशावतारी नट, ज्याला माझी वाक्यं जशीच्या तशी पाठ करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पेद्रो आणि छत्री मी बाजूला ठेवले. शब्दकोश घेऊन मी स्वतः संवाद लिहिले. कॅप्टन आणि खानसामा. माझा कॅप्टन जुलमी होता, कारण जुलमी माणसाशिवाय मला लिहिताच येत नाही. पहिल्याच संवादात तो ओरडतो, माझी कॉफी कुठे आहे? खानसामा मान वर करून उत्तर देतो: “नो सोय एस्क्लावो, सेन्योर. सोय कोसिनेरो.” मी गुलाम नाही, सेन्योर. मी खानसामा आहे. दुसऱ्यात कॅप्टन म्हणतो, आमटी खारट आहे. खानसामा म्हणतो, समुद्रही खारट आहे, तक्रार तिकडे करा. हे वाक्य लिहून झाल्यावर मी बूथचं शटर अर्धं ओढून थोडा वेळ एकटाच बसलो. इतकं चांगलं मी मराठीतही लिहिलं नव्हतं.

संवादांच्या मी झेरॉक्स काढल्या. कॅप्टनची वाक्यं जानकीला देवनागरीत लिहून दिली. संध्याकाळी ओटीवर तालीम. जानकी कागदावरचं वाचायची, सुदेशनं उत्तर द्यायचं. आणि तो द्यायचा नाही. म्हणजे द्यायचा, पण माझं नाही. आमटी खारट म्हटलं की तो चेहरा पाडून जवळचे चार शब्द जुळवून विचारायचा, सेन्योर, पाणी घालू? मी पाट आपटायचो. समुद्र कुठे गेला? तक्रार कुठे गेली?

“पण भावजीनू,” सुदेश म्हणायचा, “ती तोंड वाकडा करून बोलता. तां बघून माका वाईट वाटता. मगे मी कॅप्टनाक समुद्राकडे कित्याक धाडू?”

मी त्याला सांगितलं की वाईट वाटणं तुझं काम नाही, पाठ करणं तुझं काम आहे. बिचाऱ्यानं पाठ केलं. दीपिकासाठी केलं. सकाळी बावीवर पाणी ओढताना तो ‘नो सोय एस्क्लावो’ घोकायचा, आणि शेजारणी विचारायच्या की कंपनीचं नवीन आख्यान कोणतं.

फोनच्या आदल्या दिवशी मला ओरोसला कचेरीत जावं लागलं. परत आलो तर ओटीवर तालीम चालली होती, आणि कुणाच्याही हातात कागद नव्हता. जानकी तांदूळ निवडता निवडता गालाला हात लावून कण्हत होती आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी मागत होती. क्रियापदं मोडलेली, लिंग भलतंच. सुदेश पुढे वाकून ऐकत होता, मधूनच हात जोडून म्हणत होता, “ओत्रा वेस, सेन्योर. देस्पासियो.” पुन्हा एकदा, साहेब, सावकाश. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यानं तितक्याच मोडक्या भाषेत पेजेची तयारी दाखवली.

मी दारातच विचारलं, हे काय चाललंय?

“कॅप्टनाचो दात दुखता,” जानकी म्हणाली. “तेका मऊ कायतरी व्हया.”

माझ्या संवादात दात नव्हता. मी तसं सांगितलं. आणि हेही विचारलं की तुला हे शब्द आले कुठून.

“वरीसभर घरात बडबडतास, माका काय कान नाय? आणि तो कॅप्टन उद्या तुमचो कागद हातात घेवनच बोलतलो काय?”

मी छाती काढून म्हणालो की संवाद खरोखर चांगला लिहिलेला असला, तर समोरच्याला दुसरं काही बोलताच येत नाही.

जानकीनं सुपातला खडा उचलून अंगणात टाकला. “तुमच्यासमोर कोणाक बोलाक गावणा नाय, ह्यां मात्र खरा,” ती म्हणाली.

रविवारी सकाळी बूथसमोरच्या बाकावर काशीराम येऊन बसला. इस्त्रीचा सदरा, हातात छत्री. पेद्रोची असावी तशी. कोणी बोलावलं नव्हतं. तो स्वतःच्या कानांनी ऐकायला आला होता. बाजूला जानकी. तिकडच्या अंगाला दोन भाजीवाल्या, त्यांनी धंदा थांबवला होता. सुदेश काचेच्या खोलीत गेला आणि त्याच्यामागे मीही घुसलो, सगळे कागद घेऊन. ती खोली एका माणसासाठी केलेली, तीही बारीक. माझं पोट टेलिफोनला आणि कोपर सुदेशच्या बरगडीत.

फोन वाजला. पलीकडून जाड, खाकरलेला आवाज आला. कॅप्टन म्हणाला: शुभ सकाळ, तुमच्याकडे पाऊस आहे का?

शुभ सकाळ माझ्या कागदावर नव्हती. पाऊस तर मुळीच नव्हता. तो पेद्रोच्या पुस्तकात होता, जे मी घरी टाकून आलो होतो. सुदेशनं माझ्याकडे पाहिलं. मी पहिला कागद त्याच्या नाकासमोर धरला आणि बोट ठेवलं.

सुदेश आज्ञाधारक मुलगा. त्यानं राणीच्या आवाजात, ठासून, एकही अक्षर न चुकता सांगितलं, “नो सोय एस्क्लावो, सेन्योर. सोय कोसिनेरो.”

फोनमधून नुसती खरखर. काचेपलीकडून सुदेश काय म्हणाला, असं काशीराम विचारताना दिसत होता, आणि जानकीनं कपाळाला हात लावला होता.

कॅप्टननं काहीतरी विचारलं, हळू आवाजात. मला ते कळलं नाही. खरं सांगतो, एक शब्द कळला नाही, कारण मी ऐकत नव्हतो. मी दुसरा कागद शोधत होतो, समुद्राचा. तो सापडला आणि मी तो वर केला. तेव्हा सुदेशनं माझ्या हातातले सगळे कागद काढून घेतले, स्टुलावर ठेवले, त्यांच्यावर बसला, आणि पायानं दार ढकलून मला बाहेर केलं. लहान मुलाला रंगपटातून बाहेर काढतात तसं. रागानं नाही.

त्यामुळे त्या संवादाचं बाकीचं मी काचेतून पाहिलं. आधी तो बराच वेळ नुसता ऐकत होता, डोळे मिटून. मग ‘देस्पासियो’ म्हणताना ओठ हलले. मग रिसीव्हर खांद्याशी दाबून हात जोडले, जणू कॅप्टन समोर उभा आहे. मग त्याचे हातवारे सुरू झाले. त्यानं हवेतच कुपा चिरला, मिठात घोळला, नारळ खवला, तव्यावर तुकडी टाकली आणि तोंडानं तेलाचा आवाज काढला, तो आम्हाला बाहेर ऐकू आला. तळहातावर आमटीचा थेंब घेऊन चाटला, मान हलवली, पुन्हा मीठ घातलं. मध्येच गालाला हात लावून काही विचारलं, बहुतेक दाताबद्दल. एकदा तो हसला. फोनमधूनही कोणीतरी हसलं असणार, कारण त्यानं रिसीव्हर कानापासून लांब धरला.

“काय सांगता तो?” काशीरामनं मला विचारलं. “तुका येता मा तां स्पॅनिश?”

मी म्हणालो, काचेतून ऐकू येत नाही.

“आणि आत होतंस तेव्हा?” तो म्हणाला.

सुदेश बाहेर आला तेव्हा सदरा घामानं चिकटलेला. त्याला वाटत होतं जमलं, पण खात्री नव्हती, आणि पुढचे दोन दिवस आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. एजंटाचा फोन बुधवारी आला. घेतलं होतं. कॅप्टनचं म्हणणं होतं की ह्या माणसाला भाषा येत नाही, पण ह्याच्याशी बोलता येतं. काशीरामला बातमी सांगायला जानकी गेली. त्यानं छत्री कोपऱ्यात ठेवून एवढंच विचारलं, की मग लग्न बोटीआधी की नंतर. बोटीआधी झालं.

लग्नात जेवायला बसल्यावर मी सुदेशला विचारलं की त्या पहिल्या वाक्यानंतर कॅप्टन काय म्हणाला होता. तो विषय टाळत होता. मी सोडलं नाही. मला अजून आशा होती की वाक्य लागू पडलं असेल.

“तेणा विचारल्यान, ह्यां तुका कोणी शिकवल्यान,” सुदेश म्हणाला. “मी सांगलंय, बहिणीचो घोव. लेखक आसा.”

“मग?”

“मगे तो म्हणालो, पोब्रेसितो.”

घरी येऊन मी शब्दकोश उघडला. पोब्रेसितो म्हणजे बिचारा. सुदेशला म्हणाला की मला, हे कोशात दिलेलं नाही. जानकीला विचारलं, तर ती म्हणाली, “माका तर ऐकल्या ऐकल्या समाजला.”

पुढच्या हंगामात मी भाईंना आणखी एक नाटक दिलं. छत्तीस पानं, सगळे संवाद पूर्ण. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. हार्मोनियमची पेटी आता दोन्ही बाजूंनी सरळ बसते.