मटाराएवढं गाणं

आत्या त्या दुपारी ऑफिसातून घरी आली ती मोठ्या तोऱ्यात. गाणी वाजवणारी यंत्रं पुढे कशी दिसतील हे ठरवण्याचा पगार घेणारी माणसं जगात असतात, आणि ही त्यातली एक. मुठीतून तिने टेबलावर जे ठेवलं ते वहिनीला आधी दिसलंच नाही. लाल, गुळगुळीत, मटाराएवढं. ना बटण, ना वायर. कानामागे चिकटवलं की आवाज हाडातून थेट आत, शेजारच्याला पत्ता नाही.

"हे हरवलं म्हणजे?" वहिनीने विचारलं.

"पुढे तर तांदळाएवढं होणार आहे!" आत्या म्हणाली, आणि तिने मीटिंगमधली गंमत सांगितली. चाचणी घेणारे गृहस्थ म्हणाले होते, जरा मोठं करा, वरून कडू लेप द्या, लोकांच्या घरात पोरंबाळं असतात. हिने त्यांना उडवून लावलं होतं. "बघताक्षणी तोंडात टाकावंसं वाटलं पाहिजे, तरच खपेल." साहेब या वाक्यावर भलतेच खूश झाले होते.

मग दोघी गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेल्या. परत येऊन बघतात तर टेबलावरचं कापड अर्धं खाली लोंबतंय आणि टेबलाखाली ढमी बसलीय. ढमी म्हणजे वहिनीची लेक, नुकतीच चालायला लागलेली, चेहऱ्यावर गालच गाल.

यंत्र कुठेच नव्हतं. सोफा सरकवला, कपडे झटकले, ढमीच्या तोंडात बोट फिरवलं. लाळेशिवाय काही सापडलं नाही.

"त्यात बॅटरी असेल ना गं?" वहिनीने विचारलं.

आत्याला चाचणीवाला आठवला. कवच फुटलं तर ती बॅटरी आतून भाजत सुटते, हेही त्यानेच सांगितलं होतं.

"अगं, बघत काय बसलीस? फोनवरून वाजव ना! आवाज येईल तिथे शोधू."

"आवाज येणार नाही, वहिनी. ज्याच्या अंगाला ते टेकलंय, त्यालाच ऐकू..." बोलता बोलता तिची नजर ढमीकडे गेली.

तिने पंखा बंद केला आणि फोनवर गाणं लावलं. घर चिडीचूप. ढमी कपड्यांचा चिमटा उघडण्यात गर्क होती. पडलं असेल कुठेतरी फटीत, असं म्हणत आत्याने जरा श्वास सोडला.

तेवढ्यात ढमीने मान वर केली. इकडेतिकडे पाहिलं. चिमटा टाकून ती उठली, गुडघे वाकवून डुलायला लागली, टाळ्या पिटायला लागली. त्या शांत घरात पोर खुशीत नाचत होती, आणि वहिनीने किंकाळी फोडली.

डॉक्टर फोनवर म्हणाले, खायला-प्यायला काही देऊ नका, तडक घेऊन या. टॅक्सीत ढमी आईच्या मांडीवर पायाने ठेका धरून बसली होती.

"बंद कर ते मेलं गाणं!"

"नको, वहिनी. वाजतंय तोवर कवच शाबूत आहे. ते फुटलं तर आधी आवाज जाईल."

मग दोघींचे डोळे त्या एवढ्याशा पायाला चिकटले. पुढे गाड्यांची रांग हलेना. आत्या मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होती. आणि हॉस्पिटलची पाटी दिसायला लागली तेव्हा पाय थांबला.

आत्याने गाणं बदललं. पाय हलला नाही. आणखी एक लावलं. ढमीचे डोळे मिटलेले.

"झोपली असेल," वहिनी म्हणाली. तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला नव्हता.

आत्याने आवाज पार शेवटपर्यंत वाढवला.

ढमी दचकली. तिने कानांवर दोन्ही हात दाबले आणि भोकाड पसरलं. हात दाबून काय होणार? गाणं तिच्या आतच होतं.

"कमी कर गं थोडा," वहिनी रडत म्हणाली, आणि लगेच आत्याचं मनगट धरलं. "नको. राहू दे."

आत्याने कमी केला नाही. टॅक्सी थांबताच दोघी हॉस्पिटलच्या दाराकडे धावत सुटल्या. पोर जिवाच्या आकांताने रडत होती, आणि ते रडणं थांबू नये, एवढंच त्या देवाकडे मागत होत्या.