अरुंधती हरली तो डाव

अरुंधती साठे राज्याची बुद्धिबळ विजेती होती. त्या जोरावरच तिला पिंपरीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे गिरवणाऱ्या ट्रेसरची नोकरी मिळाली होती. संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांत ती आणि तिची आई त्याच पगारावर राहत होत्या.

१९८२ साली कंपनीने कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. तो आला की हजेरी-पगाराचा हिशेब ठेवणारी टाइम ऑफिसातली माणसं घरी जाणार, या भीतीने युनियन विरोधात उभी राहिली. कॉम्प्युटर विकणाऱ्यांनी सोबत बुद्धिबळ खेळणारं एक छोटं यंत्र आणलं होतं. वर्धापनदिनाला कँटीनमध्ये, सगळ्यांसमोर अरुंधतीने त्याच्याशी खेळायचं असं ठरलं. तिला कोणी विचारलं नव्हतं. बोर्डावर नोटीस लागली तेव्हाच तिला ते कळलं.

आदल्या दिवशी पर्सोनेल मॅनेजर करंबेळकरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"पाहुण्यांसमोर यंत्राची शोभा व्हायला नको," ते म्हणाले.

"म्हणजे मी हरायचं?"

"असं मी म्हटलं नाही. कॉम्प्युटर सेक्शनला सुपरवायझर लागणार आहे, एवढंच सांगतोय."

संध्याकाळी बस स्टॉपवर युनियनचे ज्ञानदेव तिची वाट पाहत उभे होते.

"ताई, आमी तुमच्याकडं कधी काय मागितलं न्हाई. उद्या त्या डब्याला हरवा. माणसांना धीर येईल."

"आणि नाही जमलं तर?"

"तुमाला न जमायला काय झालं?" ते हसून म्हणाले. करंबेळकरांच्या बोलण्यापेक्षा तिला या हसण्याचंच जास्त दडपण आलं.

कोणाचंच ऐकायचं नाही, नेहमीसारखं खेळायचं, असं ठरवून ती पटासमोर बसली. सोंगटी घरावर दाबायची, मग यंत्र आपली खेळी लाल दिव्यांनी दाखवायचं. यंत्र अगदीच कच्चं खेळत होतं. थोड्याच वेळात तिने त्याचा एक घोडा आणि दोन प्यादी मारली. मागे उभे असलेले कामगार कुजबुजू लागले. पुढच्या रांगेतल्या करंबेळकरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

आता आपण जिंकणार, हे तिला दिसलं. आणि जिंकल्यावर काय होईल, तेही दिसलं. नोकरी, आई, घरभाडं. पटावरचं लक्ष तेवढंच क्षणभर उडालं. तिने हत्ती पुढे नेऊन आणखी एक प्यादं मारलं. दिवे लागले. यंत्राचा हत्ती तिच्या शेवटच्या ओळीत उतरला. तिचा राजा स्वतःच्याच तीन प्याद्यांमागे अडकला होता. त्याला हलायला एकही घर नव्हतं.

मात झाली होती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कामगार बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी ती पट घेऊन ज्ञानदेवांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी चहा पुढे ठेवला, पण त्या बसल्या नाहीत. अरुंधतीने सगळा डाव मांडला आणि कुठे चुकलं ते दाखवलं.

"ताई, मला घोडा कसा चालतो ते बी धड म्हाईत न्हाई," ज्ञानदेव म्हणाले. "तुमी दावाल ते मी बघणार. पन तुमी जिंकत होता ना?"

"हो."

"मग लोकांनी काय समजायचं?"

तिने सोंगट्या गोळा केल्या.

महिन्याभरात बढतीची ऑर्डर आली. मला ही जागा नको, असं तिने करंबेळकरांना सांगितलं.

"नाकारलीत तर ट्रेसरची जागा तरी राहील, असं धरून चालू नका," ते शांतपणे म्हणाले. "आणि तुम्ही मुद्दाम हरलात असं मला वाटतं, असंही समजू नका. मला त्याने काही फरक पडत नाही."

ती कॉम्प्युटर सेक्शनमध्ये रुजू झाली. कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून तिथल्या खिडक्या पक्क्या बंद केलेल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत ती ड्रॉइंग ऑफिसातल्या बायकांच्या जुन्याच टेबलावर जाऊन बसायची. कोणी उठून जायचं नाही, फक्त बोलणं थांबायचं. ती डबा उघडून शेवटच्या घासापर्यंत तिथेच बसून जेवायची.