न रडलेल्या बाळाचा फोटो

प्रसूती वॉर्डातली नर्स रविवारी धाकट्या दिराच्या फोटो स्टुडिओत गेली. दीर एका नवरीच्या अल्बममध्ये डोकं घालून बसला होता.

“भावजी, मला नीट फोटो काढायला शिकवा.”

“फुलांचे की भाचरांचे?”

“मेलेल्या बाळाचे.”

दिराने अल्बम मिटला. तिने सांगितलं. मागच्या आठवड्यात एका बाईचं बाळ पोटातच गेलं होतं. ‘एक फोटो तरी काढा,’ असं ती म्हणाली, म्हणून नर्सने मोबाइल काढला. हात थरथरला, त्यात फ्लॅश उडाला. चेहरा पांढराफटक आणि पुसट आला. बाईने तो पाहून मोबाइल परत दिला. ‘हे माझं बाळ नाही,’ एवढंच म्हणाली.

दिराने टॉवेल गुंडाळला आणि खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला.

“आधी लेन्स पुसा, वहिनी. दिवसभर खिशात राहून ती माखलेली असते. फ्लॅश बंद. वरची ट्यूबही बंद, तिने डोळ्यांखाली खड्डे दिसतात. बाळाला खिडकीशी न्या, उजेड बाजूने येऊ दे. पलीकडून कुणालातरी पांढरी चादर धरायला सांगा, म्हणजे सावली मऊ पडेल.”

“उभ्यानेच काढू?”

“उभ्याने काढलं की बाळ वस्तूसारखं दिसतं. गुडघे टेका. कोपर पलंगावर ठेवा, हात हलणार नाही. आणि नुसता चेहरा नको. बोटं काढा, पाऊल काढा.”

“कातडी निळी पडलेली असते, भावजी.”

दिराने टॉवेलची घडी सारखी केली. “मग ब्लॅक अँड व्हाइट करा,” तो म्हणाला.

तिने टॉवेलचे ढीगभर फोटो काढले. शेवटचा बघून तो म्हणाला, “माझ्या अल्बममधल्या नवरीपेक्षा टॉवेल बरा आलाय.” दोघांनाही हसू आलं नाही.

पुढच्याच महिन्यात तशी वेळ आली. बाळंतिणीने भिंतीकडे तोंड फिरवलं. “मला बघायचं नाही.” सासू म्हणाली, “कशाला त्या आठवणी?” बाप मात्र हलक्या आवाजात म्हणाला, “काढा.”

चादर त्यानेच धरली. त्याचे हात कापत होते, त्यामुळे बाळाच्या गालावरचा उजेडही हलत होता. नर्स उजेड स्थिर होईपर्यंत थांबली. मग तिने चेहरा, पाऊल आणि बापाच्या बोटावर ठेवलेली मूठ असे तीन फोटो काढले. फोटो स्वच्छ आले. तिने ते बापाला पाठवले.

थंडी सरता सरता ती बाळंतीण एकटीच वॉर्डाच्या दारात आली.

“यांनी फोटो पुसून टाकले. सासूबाईंनी शपथ घातली म्हणे. तुमच्याकडे आहेत?”

नर्सकडे होते. पुसायला तिचा हात धजला नव्हता. ती बाईला खिडकीजवळच्या बाकावर घेऊन गेली आणि मोबाइल तिच्या हातात दिला.

बाईने बोटांनी फोटो मोठा केला, मग आणखी मोठा.

“हनुवटी माझ्या भावासारखी आहे,” ती म्हणाली. “मला कुणी सांगितलंच नाही.”

“तुम्ही बघायला नको म्हणालात.”

“हो. तेव्हा कुणीतरी माझं ऐकायला नको होतं.”

आतून बेल वाजली. नर्स मोबाइल तिच्याकडेच ठेवून आत गेली. परत आली तेव्हा बाई तिथेच बसून होती, स्क्रीन काळा पडला होता आणि ती त्याच्याकडेच बघत होती.