बेचाळिसाव्या घराची तोटी

मी तोटी बोलतेय. मी कोरडी आहे, हे मी सगळ्यांदेखत सांगितलं आणि कुणी विश्वास ठेवला नाही. माणसं तोटीचं ऐकत नाहीत. तोटी दिसली की त्यांना पुरे.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेलं पितळ साच्यात ओतलं, घासलं, आटे पाडले, झाले मी. कारखान्यात एका कामगाराने पाण्याचा दाब देऊन बघितलं आणि मला पास केलं. पाण्याची नि माझी गाठ पडली ती तेवढीच. पुढे वर्षभर दुकानात खोक्यात पडून होते. तिथे काही वाटलं नाही. आताही फारसं वाटत नाही.

मग नळाची योजना आली. बेचाळीस घरांची गल्ली, त्यातलं हे शेवटचं घर. घरात सासू, सून आणि सुनेचं दहा महिन्यांचं बाळ. बाळाचा बाप कामासाठी बाहेरगावी. प्लंबरने आट्यांवर दोरा गुंडाळून मला अंगणात बसवलं. सुनेने लगेच फिरवून बघितलं. फस्स करून हवा निघाली. उद्या येईल पाणी, म्हणाला प्लंबर, आणि पाना पिशवीत टाकून गेला. तो उद्या काही उजाडला नाही. पाणी गल्लीच्या मध्यापर्यंत यायचं आणि तिथेच दम सोडायचं.

सून रोज सकाळी मला फिरवायची. महिनाभराने फिरवायचं सोडलं आणि माझ्यावर बाळाचं दुपटं वाळत घालायला लागली. चला, कुठल्या तरी कामाला आले. प्यायचं पाणी टँकरचं होतं, एक दिवसाआड. भांडणं व्हायची, पण मिळायचं.

एक दिवस निरोप आला, मोजणीवाली येणार. किती घरांत नळ, किती घरांत शौचालय, किती घरांत हात धुवायला साबण, ते लिहून नेणार. सासूच्या अंगात वारं शिरलं. तिने दुपटं ओढून काढलं. मला राखेने घासून लख्ख केलं. शौचालयात रचलेलं सरपण मागच्या बाजूला हलवलं. टँकरच्या पाण्याची बादली माझ्याखाली ठेवली. साबणाची नवी वडी काढली, आणि ती वापरातली दिसावी म्हणून ओल्या हाताने चोळून घेतली. आल्यागेल्यासमोर घराची उणीदुणी काढायची नाहीत, एवढं एकच ती जन्मभर शिकली होती.

मोजणीवाली आली ती घामाघूम. एक्केचाळीस घरं करून आलेली. बाई वाईट नव्हती, दमलेली होती. तिने मला फिरवलं. मी सगळा जोर लावून म्हटलं, फस्स.

"पाणी कुठंय?"

"आत्ताच गेलं की. ही काय बादली," सासू म्हणाली.

सून दारातून पुढे आली. "ताई, ते टँकरचं पाणी आहे. ही बसवल्यापासून एक थेंब आला नाही."

"सूनबाई का तुमच्या?"

"हो. माझ्यावरचा राग तोटीवर काढतेय," सासू हसत म्हणाली. "टेका जरा, पाणी घ्या."

मोजणीवालीलाही हसू आलं. तिच्याही घरी सासू असणार. उत्तर घरातल्या मोठ्या माणसाचं घ्यायचं, असं तिला शिकवलेलं. तिने तीन खुणा केल्या, सासूचा अंगठा घेतला, बादलीतलं पाणी प्यायली आणि गेली. बेचाळीसपैकी बेचाळीस.

पंधरा दिवसांत टँकर बंद झाला. घरोघरी नळ असल्यावर टँकर कशाला? मधल्या घरांपर्यंतचं भागलं. सून खाणीतल्या डबक्यावरून पाणी आणायला लागली. गाळायची, जमेल तेव्हा उकळायची. बाळाला भरवण्याआधी हात धुवायची, त्याच साबणाने, त्याच पाण्याने. माझ्यासमोरच धुवायची. मी रोज बघत होते.

बाळाला जुलाब लागले. तिसऱ्या दिवशी डोळे आत गेले. चार दिवस सलाइनवर होतं. वाचलं. अजून त्याला रडायलाही जोर नाही.

मग आजाराच्या चौकशीचे साहेब आले. हातात मोजणीवालीचा कागद. सुनेने डबक्याचं सांगितलं, टँकरचं सांगितलं, मला फिरवून दाखवलं. साहेब कागदावरच बोट ठेवून होते. "नळाला पाणी आहे, असं तुमच्याच घरातून सांगितलंय. हा आजींचा अंगठा."

सून सासूकडे बघत राहिली. एक शब्द पुरला असता. सासूने बाळाला मांडीवर घेतलं आणि त्याच्या झबल्याचे बंद बांधत बसली. बांधलेले सोडून पुन्हा बांधले.

पितळ गंजत नाही, हिरवं पडतं. तशी मी इथे हिरवी पडतेय. कुणी पुन्हा मोजायला आलात तर माझ्याकडे बघू नका. माझ्याखाली रिकामं भांडं धरा आणि ते भरेपर्यंत उभे राहा. एवढंच मागणं आहे.

साहेब उभे राहिले नाहीत. नळ आहे, शौचालय आहे, साबण आहे, म्हणजे हातच धुतले नसणार, असं म्हणून त्यांनी उरलेला रकाना भरला. आजाराला जबाबदार कोण, त्यापुढे लिहिलं: बाळाची आई.