मोराच्या चोचीतला दाणा

मित्रांनो, माझ्या अंगाला शेकडो भोकं आहेत आणि त्यांतलं एक चुकीचं आहे. त्या एका चुकीच्या जिवावरच मी आजवर तगलो. सोलापूरच्या जॅकार्ड मागाचा मी एक जुना पुठ्ठा. तुम्ही माग कुठला पाहणार, म्हणून सांगतो. चादरीवर मोर उमटवायचा तर आधी तो आम्हा पुठ्ठ्यांवर भोकांनी पाडावा लागे. एका पुठ्ठ्यामागे विणीची एक ओळ. सगळे पुठ्ठे शिवून माळ करायची आणि मागावर चढवायची. भोक असेल तिथला धागा वर उचलला जाई. आम्ही सांगू तसाच माग विणणार, हा आमचा तोरा!

माझी भोकं राजेशम नावाच्या तरुण कारागिराने पाडली. एक भोक जास्त पडलं आणि मोराच्या चोचीत पांढरा ठिपका उमटला. मालक कडाडले. चादरींचे गोंडे वळायला बसलेली राजेशमची नवी नवरी कमलम्मा मात्र पदरात तोंड लपवून हसली. घरी त्यांची बोली तेलुगू. त्या बोलीत ती म्हणाली, "तुमच्या मोराला भूक लागली होती का?" राजेशमचे कान लाल झाले.

माझ्या जागी नवा पुठ्ठा शिवला गेला. कमलम्माने मला घरी नेलं आणि कागद चुरगळू नयेत म्हणून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं. मी फार हिरमुसलो. मागाची खटखट गल्लीतून ऐकू यायची आणि माळेतल्या माझ्या भावांची आठवण यायची. पुढे कॉम्प्युटर आले. भाऊ पाणी तापवायच्या बंबात गेले. मी तेवढा उरलो.

मग म्हातारपणी राजेशमच विसरू लागले. आधी किल्ली, मग गल्ली. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. एके दिवशी ते कमलम्माशी मराठीत बोलले. पन्नास वर्षं घरात तेलुगू, आणि आता "बाई, जरा पाणी देता का?" परक्याशी बोलावं तसं. तिने पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. तिला एकच हवं होतं. त्यांनी एकदा तिचं नाव घ्यावं.

एका दवाखान्यात नव्या औषधावर संशोधन चाललं होतं. कागदांच्या पिशवीतून मीही तिथे पोहोचलो. शुभदा नावाची मुलगी घरच्यांना माहिती सांगायची. स्वभावाने गोड, पण तिच्या हातातला कागद भलताच कडक. चेतापेशी, प्रथिनांचे थर, यादृच्छिक गट! कमलम्मा प्रत्येक शब्दाला "व्हय, व्हय" म्हणत होती आणि तिला ऐकू येत होता एकच शब्द, औषध.

"मग कधी वळखतील मला?" तिने विचारलं.

शुभदा गडबडली आणि तोच परिच्छेद पुन्हा वाचू लागली. राजेशम शेजारीच बसले होते. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

कमलम्माने पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवलं. "हे बग पोरी. मानसाच्या डोक्यात असल्या पुठ्ठ्यांची माळ हाय असं धर. ह्यांचे लई पुठ्ठे फाटले. तुजं औषध फाटलेले परत आनतंय, का उरलेले जपतंय? सरळ सांग की."

शुभदाने कागद खाली ठेवला. "फाटलेले परत येत नाहीत, आजी. उरलेले जरा जास्त दिवस टिकतील का, तेवढंच आम्ही शोधतोय. टिकतीलच असंही नाही."

कमलम्माने त्या कागदावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "हेच आदी लिवायचं की. आन् त्यांना बी इचार. डोकं त्यांचं हाय."

शुभदाने मला राजेशमच्या हातात दिलं आणि तेच सावकाश सांगितलं. त्यांना किती कळलं, देव जाणे. त्यांचं बोट माझ्या भोकांवरून फिरत गेलं आणि एका भोकाशी थांबलं. तेच ते! मित्रांनो, इतक्या वर्षांनी तो हात अंगावर फिरला आणि मला माझी सगळी माळ आठवली.

"हे भोक चुकलं," ते पुटपुटले. मग कमलम्माकडे झुकून हळूच म्हणाले, "बाई, हे कमलम्माला दावू नका. लई हसंल ती."

तिने तोंडाला पदर लावला. हसायला की रडायला, मला दिसलं नाही. "तुमच्या मोराला भूक लागली आसंल," ती म्हणाली.

राजेशम चकित झाले. "तुमाला कुनी सांगितलं?"

"कमलम्मानं."

ते खुशीत हसले.

औषध घ्यायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. पण शुभदाच्या नव्या कागदावर पहिलीच ओळ आहे: गेलेल्या आठवणी या औषधाने परत येत नाहीत. मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. विसरणाऱ्या माणसाला खरं सांगा, त्याला कळेल असं सांगा आणि त्याच्याकडे बघून सांगा. मी आता राजेशमच्या सदऱ्याच्या खिशात असतो. रोज सकाळी ते मला बाहेर काढतात आणि कमलम्माला बजावतात, की हे कमलम्माला दाखवू नका. आणि ती रोज म्हणते, "न्हाय दावत."