येस म्हणजे येतो

सकाळी देवापुढे लावलेला दिवा दुपारच्या नैवेद्यापर्यंत तेवत ठेवायचा आणि तो तेवतो आहे तोवर घरात अभद्र शब्द पडू द्यायचा नाही, असा माझा या चातुर्मासाचा नेम होता. नेम तसा साधाच. अवघड झाला तो एवढ्यासाठी, की माझे यजमान नेमके याच वेळात रोज तीन-चार वेळा मरतात.

आमचं घर प्रकाश्याला, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. यजमानांचं नाव हिलाल. बत्तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते आणि बत्तीस वर्षांत गाडीला ओरखडासुद्धा आणला नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावला आहे. निवृत्त झाल्यावर आमच्या आशाने, म्हणजे लेकीने, नाशिकहून जावयांचा जुना कॉम्प्युटर पाठवला. पप्पांनी भजनं ऐकावीत, हा तिचा हेतू. पण त्यात जावयांचा लढाऊ विमानांचा खेळ पुसायचा राहून गेला होता. भजन अजून एकही लागलेलं नाही.

खेळ म्हटलेलं त्यांना चालत नाही. "खेळ नही शे, आशानी माय. सराव शे."

कशाचा सराव, ते मी विचारलं नाही. एकसष्टाव्या वर्षी माणूस सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून एका जागी बसतो, तर बसू द्यावं.

विमान चालवायला नुसता कॉम्प्युटर पुरत नाही, हे पुढे कळलं. हातात धरायचा दांडा आशाने पाठवला. पायाला पावडी हवी, म्हणून माझ्या शिलाई मशीनची गेली. वेग कमीजास्त करायला फवारणीच्या पंपाची मूठ बसवली. आणि डोक्याला तीन लाल दिव्यांची टोपी. डोकं डावीकडे वळवलं की पडद्यावरचं आकाशही डावीकडे वळतं. पहिल्यांदा हे सगळं चढवून ते बसले, तेव्हा शेजारची दिवलीबाई विरजण मागायला आली होती. पाय खालीवर, डोकं गरगर, टोपी लुकलुक. तिने वाटी खाली ठेवली आणि हात जोडले.

"कोणता देव उना व आंगमा?"

मी काही बोलायच्या आत तिने लेकाच्या लग्नाचं विचारून घेतलं. ह्यांच्या कानावर ते मोठं यंत्र, त्यांना कुठलं ऐकू जायला. ते इंटरनेटवरून सोबत खेळणाऱ्या आपल्या सोबत्यांना म्हणाले, "डावीकडथून दोन जण ई ऱ्हायनात. नजर ठेवा!" संध्याकाळी दिवलीबाईकडे खरोखरच दोन पाहुणे आले. शिरपूरचे. ते डावीकडून आले की नाही हे कोणी पाहिलं नाही, पण तेव्हापासून ती विरजणाला आली की आधी खोलीच्या उंबऱ्याला हात लावते.

त्यांचा त्रासही मी पाहिला आहे. दर महिन्या-दोन महिन्याला त्या विमानांचं काहीतरी नवीन येतं. ते उतरवून घ्यायला फोन रेंजसाठी गच्चीवर ठेवून तीन-तीन दिवस बसायचं, माकडांना हाकलायचं. उतरलं की कळतं, काल जे बटण दाबून बंदूक चालत होती ते आज खिडकी उघडतं. पण आनंदही पाहिला. एकदा मला हाक मारून बोलावलं. पडद्यावर खाली ढगच ढग, कापूस पिंजून टाकल्यासारखे, आणि त्यातून सूर्य वर येत होता. मी तुळशीला पाणी घालायला निघाले होते, तांब्या हातातच होता. सूर्यनारायण दिसल्यावर हात कसा थांबेल? मी अर्घ्य दिलं.

चाकं खाली सोडायचं बटण तेव्हापासून अडकतं. त्यांनी देव्हाऱ्यातली एक सुपारी मागून घेतली, आता ते बटण सुपारीने ठोकतात.

तर, मरण्याचं.

गेल्या वर्षी आषाढात ते अंगणात छाती धरून बसले आणि म्हणाले, "मी मरी गऊ." रिक्षा मिळेपर्यंत, दवाखान्यात पोचेपर्यंत तेच तीन शब्द माझ्या कानात. देवाने राखलं. तेव्हाच मी पुढच्या चातुर्मासाचा नेम बोलून ठेवला होता, की हा शब्द या घरात दिव्यासमोर पुन्हा पडणार नाही. आणि हे रोज सकाळी विमान पडलं की मोठ्याने तेच म्हणायला लागले. मी हळूच जाऊन सांगितलं, "आशाना पप्पा, एवढं एक म्हनू नका."

"मंग काय म्हनू? विमान पडनं तं सोबतवालासले सांगनं पडस ना."

आपल्यात घराबाहेर पडताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. आमच्या अहिराणीत येतो म्हणजे 'येस'. मी म्हटलं, तेच म्हणा. त्यांना पटलं. त्या दिवसापासून विमान पडलं की आतून हाक यायची, "येस!" आणि मी स्वयंपाकघरातून म्हणायची, "या." कितीतरी सकाळी अशा सुखाने गेल्या.

घोळ झाला तो सोबत्यांमुळे. त्यांचा तिघांचा गट आहे, सातपुडा स्क्वाड्रन. प्रमुख रंजिता, पावरा मुलगी, धडगावकडची, तळोद्याला शाळेत गणित शिकवते. विमान अशी चालवते, की हे म्हणतात तिला एसटीत घेतलं असतं. दुसरा अमृत, नंदुरबारला मिरचीचा व्यापारी. गोदामातच कॉम्प्युटर ठेवला आहे, त्यामुळे बोलतो कमी आणि शिंकतो जास्त. समोर सुरतचे तिघं असतात. रविवारी दहाला सामना.

त्या रविवारी हे नेहमीप्रमाणे लवकर पडले. म्हणाले, "येस!" नेमकं त्याच क्षणी रंजिता विचारत होती, "बाबा, डावीकडे मोकळं आहे का? वळू का?"

तिने ऐकलं, येस. घरी पावरी, शाळेत मराठी, पुस्तकात इंग्रजी. तिला वाटलं बाबा इंग्रजीत हो म्हणताहेत. ती डावीकडे वळली. डावीकडे अमृत होता.

एका शब्दात तिन्ही विमानं गेली. सुरतवाले म्हणे हसून हसून खुर्चीवरून पडले.

दुपारी तिचा फोन आला. पोर रागावली तरी आवाज चढवत नाही, वर्गात चुकीचं उत्तर आल्यासारखी बोलते. "बाबा, मराठीत सांगा, अहिराणीत सांगा, पण मेलात तर मेलो म्हणा. मला वर कळणार कसं कोण आहे आणि कोण नाही?"

"तसं म्हनता येत नही, पोरी. घरमा नेम शे."

"मग मरू नका." ती म्हणाली, "तुम्ही शत्रूच्या हातून क्वचितच मरता, बाबा. बहुतेक वेळा उतरताना मरता. पुढचा रविवार शेवटचा. विमान नीट उतरवा. नाही उतरलं तर स्पष्ट शब्दात सांगा. दोन्ही नाही जमलं, तर अमृतदादांचे मेहुणे तयार आहेत."

हे फोन ठेवून भिंतीपाशी गेले आणि बिल्ल्याची चौकट उलटी करून ठेवली. बत्तीस वर्षं घाटात गाडी चालवलेल्या माणसाला सपाट पट्टीवर उतरता येत नाही. रात्री जेवले नाहीत. आणि तो पुढचा रविवार म्हणजे कार्तिकी एकादशी, माझ्या नेमाचा शेवटचा दिवस. त्यांनी तो शब्द उच्चारला तर माझे चार महिने गेले, आणि नाही उच्चारला तर त्यांची खुर्ची गेली.

तो आठवडा दोघांनी आपापल्या परीने काढला. मी जपाच्या दोन माळा वाढवल्या. त्यांनी पावडीला तेल घातलं.

रविवारी मी दिवा लावला आणि पाट घेऊन दारातच बसले, एक डोळा देवाकडे, एक पडद्याकडे. म्हटलं, "ते कानमधलं काढा. माले बी ऐकू द्या."

त्यांनी आवाज बाहेर सोडला. रस्त्यावरून टाळ वाजत होते, घरात विमानं घरघरत होती.

रंजिताने सुरतचे दोघं पाडले. मग तिलाच मागून कोणीतरी गाठलं. मी माळ घट्ट धरली. पोरीचा आवाज आला, शांत, "बाबा… येते मी."

किती मोठं मन म्हणायचं.

पण अमृतला हे सुचायचं कुठून? तो घाबरून ओरडत होता. "बाबा, मन्हा मांगे शे! बाबा, आग लागनी! मी म— आँऽक्छी!"

एवढी मोठी शिंक, की दिवलीबाईची कोंबडी फडफडली. पुढचं सगळं मिरचीत गेलं. दिवा हलला, पण राहिला. नुसतं 'म' पडलं होतं, आणि 'म' महादेवाचाही असतो.

आता उरले हे आणि सुरतचा एक जण. ह्यांनी डोंगराकडे वळवलं. त्या पडद्यावरचा देश कुठला ते देवाला माहीत, ह्यांच्यासाठी सगळे डोंगर तोरणमाळ आहेत. घाट लागला तसा ह्यांनी वेग उतरवला, रात्रीची मुक्कामी गाडी चालवावी तसे चालले, आणि प्रत्येक वळणावर तोंडाने "पॉम, पॉम" करू लागले. विमानाला हॉर्न नसतो. सुरतवाला भरधाव आला, इतक्या हळू कोणी उडतं हे त्याला माहीतच नसावं, पुढे निघून गेला आणि वळणावर डोंगरात गेला. तिकडून एक गुजराती शब्द ऐकू आला. मला कळला नाही, म्हणून तो धरला नाही.

"बाबा!" रंजिता ओरडली. "सगळे संपले! फक्त उतरवा. उतरलात की जिंकलो!"

आकाशात कोणी नव्हतं. खाली पट्टी दिसत होती, लांब आणि रुंद. ह्यांनी सुपारीने बटण ठोकलं, चाकं खाली आली. घाम कपाळावरून गंधात उतरत होता. मी इतके महिने हे आतून ऐकत होते, पाहिलं मात्र कधीच नव्हतं. आज पाहिलं आणि मला एक गोष्ट दिसली. एवढी रुंद पट्टी, आणि हे विमान सरळ डाव्या कडेला नेत होते, नालीला लागून. एक पंख तर गवतावरच.

"आशाना पप्पा, इतली कडले काबरं?"

"मंग कोठे लू?"

"मधमा."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. टोपीमुळे पडद्यावरचं आकाशही माझ्याकडे वळलं. "मधमा? आनि समोरथून गाडी उनी तं?"

तिकडून रंजिता अगदी हळू म्हणाली, "बाबा… तुम्ही रोज डाव्या बाजूने उतरता?"

"रस्ता शे. आरधा समोरनासाठे सोडना पडस. बत्तीस वरीस सोडा मी."

"म्हणून डावं चाक नालीत जातं, बाबा! धावपट्टीवर समोरून कोणी येत नाही!"

"तू सांगस. ड्रायव्हरनी भरोसा नही ठेवाना."

जमीन वर येत होती. दांडा डावीकडून हलत नव्हता. त्यांना शिकवण्यात अर्थ नव्हता, बत्तीस वर्षांचा तोही नेमच होता. नेम मोडायला सांगायचं नसतं, त्याला वाट काढून द्यायची असते. मी उठले, खुर्चीमागे उभी राहिले आणि म्हटलं, "आज एकादशी शे. देऊळना रस्ता गर्दीमुळे एकेरी करेल शे. पोलिसनी समोरनी वाहतूक बंद करी दिनी."

"कोन म्हने?"

"रंजिता, सांग व."

ती गणिताची मास्तरीण, पण हुशार. कडक आवाजात म्हणाली, "एकेरी आहे, बाबा. नाका बंद. गाडी मधून घ्या."

"आस्सं सांगो ना मंग!"

दांडा उजवीकडे आला. विमान पट्टीच्या बरोबर मधोमध आलं. पावडी दोनदा कुरकुरली. चाकं टेकली, एकदा उडाली, पुन्हा टेकली. धूळ. मग पंखा थांबला आणि घरात फक्त रस्त्यावरचे टाळ उरले.

ह्यांनी मूठ मागे ओढली, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"उनू," म्हणाले.

उनू म्हणजे आलो. इतक्या महिन्यांत येस शंभरदा ऐकलं होतं, उनू पहिल्यांदा.

तिकडून अमृत शिंकत शिंकत रडत होता की काय कोण जाणे. रंजिता म्हणाली, "बाबा, आता बाहेर पडा, झालं." पण हे उठेनात. मला कळलं. मी म्हटलं, "सगळा पॅसेंजर उतरी गयात." तेव्हा उठले.

मी नैवेद्य दाखवला, भगर आणि शेंगदाण्याची आमटी. दिवा शांत केला. नेम पुरा झाला. बाहेर येऊन पाहिलं तर बिल्ल्याची चौकट सरळ झाली होती, काच धोतराच्या सोग्याने पुसलेली.

दुसऱ्या दिवशी द्वादशी, पारणं. दिव्याला आता बंधन नव्हतं, त्यांना मी सांगितलंही होतं की आता काय वाटेल ते म्हणा. सकाळी नऊला मी पुरण वाटत होते. आत घरघर वाढली, काहीतरी फुटलं, आणि मग आवाज आला.

"येस!"

मी हात पुसले.

"या," म्हटलं.